चार वाट्या हम्मस

हेमराजनं एका हातानं वाटी शोभाताईंच्या नाकाखाली धरली आणि दुसऱ्या हातानं आपला रुमाल त्यांच्या डोळ्यांवर टाकला.

"सांगा ताई, काय आहे याच्यात?"

शोभाताईंनी रुमाल दोन बोटांत धरून बाजूला केला, मेलेली पाल उचलावी तसा.

"आधी हा धुऊन आण. मंग विचार."

ओट्यावरची सगळी मंडळी हसली. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या त्या गल्लीत संध्याकाळ झाली की लोक शोभाताईंच्याच ओट्यावर जमत. घर कोष्ट्याचं. नवरा होता तोवर पुढच्या खोलीत हातमाग चालायचा, आणि शोभाताई शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. आता मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर गहू-तांदळाच्या कोठ्या उभ्या होत्या. ओट्यावरची बैठक मात्र सुटली नव्हती.

वाटीत पिवळसर पांढरं, गुळगुळीत असं काहीतरी होतं. मधोमध खळगा, खळग्यात तेल.

"पुट्टी आहे का गा?" विक्रमनं वाकून पाहिलं. गल्लीच्या गणेश मंडळाचा कारभार तो पाहायचा, त्यामुळं कशातही वाकून पाहायची त्याला सवयच लागली होती. "माह्या भिंतीले हीच लावली होती मागच्या दिवाळीत."

"काका, हम्मस आहे ते," काजल म्हणाली. हेमराजची पोरगी. पुण्याला नोकरीला होती, पोळ्यासाठी सुट्टी काढून आली होती आणि येताना हे खूळ सोबत घेऊन आली होती. "काबुली चणे उकडाचे, मिक्सरमधून काढाचे. तीळ, लसूण, निंबू, तेल. झालं. मंग पाहिजे तो फ्लेवर टाका."

"म्हणजे चण्याची चटणी," उत्तरा म्हणाली. नवऱ्याच्या खोड्या आणि लेकीची खुळं, दोन्ही शेवटी तिच्याच मिक्सरमध्ये येऊन पडायची.

हेमराज पन्नाशी ओलांडलेला माणूस. हिंगण्याच्या कारखान्यात फिटर. पण कंपनीच्या बसमध्ये डुलकी घेणाऱ्यांच्या बुटांच्या लेस एकमेकांना बांधून ठेवायच्या, हे काम तो फिटरच्या कामापेक्षा मन लावून करायचा. त्यानं वाटी ओट्यावर ठेवली आणि हात झटकले.

"ऐका सगळे. काजल चार वाट्या बनवन. चारीत चार वेगळ्या चिजा. ताईंच्या डोळ्यावर पट्टी. चारी ओळखल्या तं मानलं."

"चार काहून? चाळीस ठेव नं," कोणीतरी म्हणालं. "ताईले काय फरक पडते!"

खरंच होतं ते. शोभाताईंचं नाक आणि जीभ गल्लीत मशहूर होती. ओट्यावर बसल्या बसल्या त्या पार पलीकडच्या घराला हाक मारायच्या, "उत्तरा, मोहरी जळाली वं!" आणि उत्तरा गॅसकडे धावायची. गणपतीच्या भंडाऱ्याची कढई वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात. सगळ्या गल्लीला पुरेल एवढी आलू-वांग्याची भाजी, आणि 'जरा मीठ पाहून सांग' असं त्या कधी कोणाला म्हणाल्या नव्हत्या. कोणी न विचारता चमचा बुडवलाच, तर झारा उगारायच्या.

शोभाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"काय लावतो?" त्यांनी विचारलं.

"मी हरलो तं मारबतीच्या दिवशी या गल्लीचा बडग्या मी. तोंडाले काळं, गळ्यात वांग्याची माळ, हातगाडीवर उभा. अन् तुम्ही हरल्या, तं वर्षभर मले गुरुजी म्हणाचं."

ओट्यावर एकच गिल्ला झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात आणि त्यांच्यामागं बडगे. गावाची सगळी रोगराई, सगळी पीडा त्या पुतळ्यांच्या डोक्यावर लादायची, ओरडत ओरडत त्यांना बाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. गल्लीतली पोरंसुद्धा दरवर्षी चिंध्या कोंबून आपला एक छोटा बडग्या करत. चालता-बोलता बडग्या अजून कोणी पाहिला नव्हता.

"जाळतील नं शेवटी?" उत्तरानं आशेनं विचारलं.

हसणं ओसरल्यावर विक्रमनं घसा साफ केला. "मी काय म्हणतो ताई, राग मानू नका. हरल्याच, तं या खेपेस भंडाऱ्याची कढई केटररले देऊन टाकू. एक वर्ष आराम करा."

श्रावणातल्या सोमवारी शोभाताईंनी घरोघरी उसळ पाठवली होती. ती सगळ्यांनी खाल्ली होती, आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीनं माठ रिकामे केले होते. कोणी उघड बोललं नव्हतं, एवढंच.

शोभाताई उठल्या. "पोळ्याच्या संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "इथंच. अन् रुमाल धुऊन आणजो."

वाटी त्या सोबत आत घेऊन गेल्या. त्यातलं हम्मस त्यांनी चाखलं नव्हतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. हेमराजच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी हेमराजची दुपारची पाळी होती, म्हणजे सकाळ मोकळी. मोकळ्या सकाळी तो धोकादायक असायचा. काजल आंघोळीला गेली आहे आणि उत्तरा भाजी घ्यायला, एवढं पाहून तो घरामागच्या कडुलिंबावर चढला. कोवळा पाला ओरबाडला, मिक्सरच्या भांड्यात टाकला, वर उरलेलं हम्मस घातलं आणि बटण फिरवलं. घर्र झालं आणि भांड्यात असा सुंदर हिरवा रंग उतरला की त्याचा त्यालाच मोह झाला. बोटाच्या टोकानं जिभेला लावून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. बेसिनशी जाऊन त्यानं तीनदा चुळा भरल्या आणि एकटाच हसत उभा राहिला.

शोभाताई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ताई, सॅम्पल आणलं. पुदिना फ्लेवर. परीक्षेच्या आधी थोडा अभ्यास."

शोभाताईंनी वाटीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. सूप बाजूला ठेवलं. चमचाभर हम्मस तोंडात घातलं.

हेमराज एक पाऊल मागं सरकला. झाडू दारामागं असतो हे त्याला माहीत होतं, आणि पळायची दिशाही त्यानं येतानाच ठरवून ठेवली होती.

झाडू आला नाही. शोभाताई तोंड मिटून बसून राहिल्या. दूर कोणी हाक मारतं आहे की काय हे ऐकावं, तशा. मग त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. शेवटी वाटी बोटानं पुसून घेतली आणि बोट चाटलं.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. रिकामी वाटी त्याच्या हातात दिली आणि सूप परत मांडीवर ओढलं.

हेमराजचं हसायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. तो "बरं" म्हणाला आणि वाटी घेऊन घरी आला. तोंडातला कडूपणा त्याचा अजून गेला नव्हता.

त्या दुपारी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांच्या लेस सुट्या राहिल्या. हेमराज खिडकीला डोकं टेकवून बसला होता. थंडीत शोभाताईंना तापानं धरलं होतं, आठवडाभर अंथरुणात होत्या. उत्तरानंच पेज नेऊन दिली होती. ताप गेला. पण त्यानंतर ओट्यावरून 'मोहरी जळाली वं' ही हाक ऐकू आली होती का? त्यानं आठवून पाहिलं. एकदा तर त्यांच्याच घरचं दूध उतू जाऊन, जळून, धूर बाहेर आला होता आणि त्या बाहेर ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. 'वय झालं,' असं लोक म्हणाले होते. उसळीचंही तेच म्हणाले होते.

आणि आपण त्या बाईला सगळ्या गल्लीसमोर चार वाट्या चाखायला बसवणार.

"काय हेमराजभाऊ, बरं नाही का?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं. "आज बस सुनी सुनी वाटून राहिली."

"दात दुखून राहिला," हेमराज म्हणाला.

पैज मोडावी, असं त्याच्या मनात आलं. पण मोडली तर विक्रम वाकून पाहणारच, काहून मोडली म्हणून. शिवाय शोभाताई स्वतः मोडू देणार नाहीत. पैज त्यांनी अंगावर ओढून घेतली होती, ती कढईसाठी. भंडाऱ्याच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या घरात लोकांची ये-जा असायची. त्या एका दिवसाच्या जोरावर त्यांचं उरलेलं वर्ष निघायचं. कढई गेली, तर त्या घरात मागाचा बुजवलेला खड्डा आणि त्या, एवढंच राहणार होतं.

पोळ्याच्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. काजलनं काबुली चणे आदल्या रात्रीच भिजत घातले होते. सकाळी चिमूटभर सोडा टाकून कुकरमध्ये शिजवले, गार पाण्यात चोळून चोळून त्यांची फोलं काढली. तीळ भाजून तेलासोबत वाटून ठेवले. मग ती मिक्सरपाशी उभी राहिली, तर मिक्सरचं भांडं बाबांच्या हातात.

"तू हो बाजूले. आज मी."

"तुम्ही? बाबा, तुम्हाले चहा येत नाही."

"पैज माही आहे. वाट्या मीच बनवीन."

"पाहा हो," उत्तरा म्हणाली, "कोणाचं पोट बिघडलं तं मी ओळख नाही दाखवणार."

पांढरा गोळा मिक्सरमधून काढेपर्यंत काजल खूश होती. बर्फाचा खडा टाकून त्यानं तो असा फिरवला होता की लोण्यासारखा झाला होता. मग त्यानं त्याचे चार भाग केले आणि तिचं डोकं फिरलं. पहिल्या भागात त्यानं भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा घातला, आणि घातला म्हणजे मूठभर. दुसऱ्यात पुदिना, आणि ती वाटी थेट फ्रीजरमध्ये. तिसऱ्या भागात त्यानं भाजलेले शेंगदाणे टाकले, बटण एकदा इकडं, एकदा तिकडं केलं आणि बंद करून टाकलं.

"अजून फिरवा नं, बाबा! दाणे अख्खेच्या अख्खे दिसून राहिले. हम्मस मऊ असते, मऊ!"

"तुह्या पुण्यात असन."

"दाताखाली येईन ते!"

"येऊ दे," हेमराज म्हणाला. "दाताले पण काही काम पाहिजे."

चौथ्या वाटीपाशी मात्र तो अडला. विक्रमनं सकाळीच मोठं लालभडक बीट आणून दिलं होतं, 'एक तरी वाटी माह्या पसंतीची' म्हणून. बीट झोंबत नाही. गार लागत नाही. दाताखालीही येत नाही. हेमराज ते हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. चेंडूसारखं वर उडवलं, झेललं. मग किसणी काढली आणि कच्चंच खिसून हम्मसमध्ये कालवलं.

"हे फिरवणारच नाही का?"

"नाही."

"बाबा, तुम्हाले जिंकाचं आहे की नाही?"

हेमराजनं किसणी धुवायला घेतली. पाण्याचा नळ जरा मोठाच सोडला.

संध्याकाळी बैल पुजून झाले, पोळा फुटला आणि सगळी गल्ली ओट्यापुढं गोळा झाली. शोभाताई सणाचं फिकट पिवळं सुती पातळ नेसून पाटावर बसल्या होत्या. चार वाट्यांचं ताट विक्रमनं स्वतः ताब्यात घेतलं.

"रुमाल धुतला का गा?" त्यांनी विचारलं.

"साबणानं, ताई. दोनदा."

विक्रमनं पट्टी बांधली, दोन बोटं नाचवून खात्री केली आणि पहिला चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

शोभाताईंनी तोंड मिटलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग कपाळावर घामाचा थेंब आला, नाक लाल झालं, आणि त्यांनी सू करून श्वास आत ओढला.

"ठेचा," त्या म्हणाल्या. आवाजात नवल होतं. "अन् हात सैल सोडून टाकला कोणीतरी."

टाळ्या पडल्या. दुसरा चमचा. या वेळी त्यांनी तोंड मिटून जीभ टाळूला लावली, श्वास आत घेतला. पुन्हा घेतला.

"पुदिना."

"बरोबर!"

तिसऱ्या चमच्याला त्या सावकाश चावत राहिल्या. कुरुम कुरुम आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला.

"फल्लीदाणे."

"हे तं कोणी पण—" काजल पुटपुटली, आणि हेमराजनं तिच्या पायावर पाय ठेवला. तिनं वळून बापाकडं पाहिलं. बाप समोर बघत होता. चेहऱ्यावर खोडीचा मागमूस नव्हता. असा बाप तिनं कधी पाहिला नव्हता.

चौथी वाटी. शोभाताईंनी घास तोंडात घोळवला. या गालातून त्या गालात नेला. चावला. थांबल्या. ओट्यावरची कुजबुज बंद झाली.

"काय ताई?" विक्रमनं विचारलं. टोचून नाही, पण विचारलं.

"चमच्यानं मजा येत नाही," शोभाताई म्हणाल्या. "हातात दे."

विक्रमनं वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चिमूटभर उचललं आणि अंगठा नि दोन बोटांमध्ये हळूहळू चोळलं. सूत कोणत्या नंबरचं आहे ते पाहताना चोळायच्या, तसं. बोटांत ओला खीस लागत होता. ते हेमराजलाही दिसत होतं, आणि खीस गाजराचाही तसाच असतो, हेही त्याला आत्ता, या क्षणी सुचत होतं. कशाला खिसलं आपण! आख्खे तुकडे ठेवायचे होते. काहीतरी बोलावं, खोकावं, पडावं. त्यानं पुढं व्हायला पाय उचललाही.

तेवढ्यात शोभाताईंनी भरलेली बोटं आपल्या पिवळ्या पदराला पुसली. सहज, पोळपाट पुसावा तशी.

"अवो ताई! पातळ!" उत्तरा किंचाळली. "पदर खराब केला वं माय!"

"निंबू आणा!"

"निंबानं नाही निघत, आधी पाण्यात बुडवा!"

बायका पुढं धावल्या. दोघींनी पदर धरला, एक तांब्या आणायला पळाली. त्या सगळ्या गलक्यात शोभाताई ताठ बसून होत्या. पट्टीखाली त्यांच्या ओठाची एक कड किंचित वर गेली.

"बीट," त्या म्हणाल्या.

पोरांनी गल्ली डोक्यावर घेतली. विक्रमनं ताट खाली ठेवून दोन्ही हात जोडले. "मानलं, ताई. कढई तुमची. बोलणं वापस घेतलं." आणि तो मनापासून बोलला, श्रावणातल्या उसळीचं ओझं त्याच्याही डोक्यावरून उतरलं असावं.

हेमराज टाळ्या वाजवायला विसरला. पदराचं त्याच्या एकट्याच्या लक्षात आलं होतं. गाजराच्या डागाला कोणी निंबू घेऊन धावत नाही. आयुष्यभर लोकांना फसवलेला माणूस तो, दुसऱ्याची हातचलाखी त्याला बरोबर दिसायची. त्याला हसू आलं, आणि ते का कोण जाणे, पूर्ण येईना.

शोभाताईंनी स्वतःच पट्टी सोडली. रुमालाची नीट घडी केली आणि त्याच्यापुढं धरली.

"फल्लीदाणे एवढे जाडे काहून ठेवले गा?"

"मिक्सरचं पातं गेलं, ताई."

"अन् पुदिना एवढा गार?"

"फ्रिजचं बटण फिरलं असन."

"ठेचा?"

"हात सैल आहे माहा."

"हो का," शोभाताई म्हणाल्या. त्याच्याकडं थोडा जास्तच वेळ पाहिलं. "उद्या काळं मी लावीन. दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नको."

लावलंही त्यांनीच. तव्याच्या मागची काजळी आणि तेल, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानामागंही विसरल्या नाहीत. उत्तरानं गोणपाट शिवून अंगरखा केला, आणि तो शिवताना ती जेवढी आनंदात होती तेवढी लग्नात नव्हती असं हेमराजचं म्हणणं पडलं. गळ्यात वांग्यांची माळ. काजलनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दुसऱ्याच्या जिभेची परीक्षा घेणारा बडग्या', आणि तो त्याच्या छातीवर लटकवला. हात दोरीनं मागं बांधले, म्हणजे पुठ्ठा काढून टाकायला नको. भाजीवाल्याच्या हातगाडीवर त्याला उभं केलं आणि डफडं वाजायला लागलं.

"रोगराई, खोकला-खासी, घेऊन जा गे मारबत!"

घरोघरी गाडी थांबत होती. कोणी त्याच्यावर राख उडवली, कोणी मोडका झाडू गाडीत टाकला. ज्यांच्या बुटांच्या लेस त्यानं बांधल्या होत्या, असे कंपनीतले दोघे खास हिंगण्याहून मोटरसायकलवर आले होते. त्यांनी त्याच्या दोन पायांना एक सुतळी बांधली, गाठीवर गाठ मारली. हेमराज सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता.

शोभाताईंच्या घरापुढं गाडी थांबली. त्या हातात वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटीत आलू-वांग्याची भाजी होती, वाफ निघत होती.

"बडग्याले कोणी खाऊ घालते का?" विक्रम म्हणाला.

"माहा बडग्या आहे. जिंकलेला," शोभाताई म्हणाल्या. "थांबवा ते डफडं थोडं."

पण डफडं लगेच थांबलं नाही. त्या आवाजात गाडीच्या फळीवर हात टेकून त्या वर झाल्या, हेमराजच्या तोंडाशी घास नेला आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल अशा बोलल्या.

"त्या दिवशी खिडकीतून दिसत होता तू. कडुलिंबावर."

हेमराजचं काळं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"म्हटलं चला, हे तं कडू लागन. एक चमचा घेतला. नाही लागलं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. वाट पाहता पाहता तुह्यावर ओरडाचं राहूनच गेलं, पाह्य."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी घास तोंडात सारला.

डफडं थांबलं. शोभाताई एक पाऊल मागं झाल्या, पदर खोचला. त्या पिवळ्या पदरावरचा लाल डाग गेला नव्हता. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या,

"मीठ पाहून सांग."

उत्तराचा हात तोंडावर गेला. विक्रम, ज्याला कशातही वाकून पाहायची सवय होती, तो या वेळी वाकला नाही. पोरांना काही कळलं नाही. ती गाडी पुढं कधी जाते याची वाट पाहत होती.

हेमराजनं घास चावला. 'एक नंबर, ताई' हे शब्द त्याच्या दातांपर्यंत येऊन उभे होते. जन्मभर असेच शब्द त्यानं तयार ठेवले होते, लोकांच्या तोंडावर फेकायला. त्यानं घास गिळला. गिळायला वेळ लागला.

"जास्त झालं, ताई."

"किती?"

"बम झालं. पहिले पाणी पाजा मले, मंग बोलतो."

सगळ्यात आधी शोभाताई हसल्या. त्या हसल्या म्हणून मग बाकीचे हसले. उत्तरा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि नवऱ्याच्या तोंडाला लावला. अर्धं पाणी वांग्यांवर सांडलं, आणि तिनं पदरानं त्याचा चेहरा नाही, आपले डोळे पुसले.

"भंडाऱ्याले कढईजवळ उभा राहजो मंग," शोभाताई म्हणाल्या. "मी टाकीन, तू चाखजो."

"झारा तं नाही मारणार?"

"ते तुह्या वागण्यावर आहे." त्यांनी हात लांब करून त्याच्या गळ्यातल्या माळेतलं एक वांगं दाबून पाहिलं. "अन् ही वांगी फेकू नको. चांगली आहेत."

विक्रमनं भाजीवाल्याला बाजूला केलं आणि हातगाडीचा दांडा स्वतः धरला.

डफडं पुन्हा सुरू झालं. गाडी हलली. सुतळीनं बांधलेल्या पायांवर हेमराज डुलला, सावरला. दरवर्षी लोक ओरडतात आणि बडग्या मुकाट्यानं उभा असतो. त्या दिवशी तलावाच्या वळणापर्यंत सगळ्यात मोठा आवाज बडग्याचाच होता.

"घेऊन जा गे मारबत! घेऊन जा!"